दांडे आत न सरकल्याबाबत

अर्ज करणार : भोर येथील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस, वय बावन्न, शिक्षण नववीपर्यंत.

ज्याच्यासाठी अर्ज : कापूरहोळ फाट्यावरचा वेल्डिंगचा मिस्त्री.

मयत : अर्जदाराची थोरली बहीण, राहणार वेल्ह्याकडच्या डोंगरावरील एक वाडी.

साक्षीदार : एक, मयताचे पती, म्हणजे अर्जदाराचे दाजी. दोन, तिला खाली आणणारे चौघे. तीन, लोखंडाचे चार दांडे, जे आजही अडकलेल्या स्थितीत आहेत.

तारीख : लिहीत नाही. ज्यांना ती ठाऊक असायला हवी त्यांना ती पाठ आहे.

नावे : कोणाचेही घालत नाही. कागदात नाव आले की माणूस लगेच वादी नाहीतर प्रतिवादी होतो, आणि या प्रकरणात तशी वाटणी करणे मला जमलेले नाही.

विषय एवढाच आहे. माझी बहीण ज्या लोखंडी डोलीत बसली होती, तिचे दांडे ऐन वेळी आत सरकले नाहीत. त्याचा दोष वाडीने मिस्त्रीला लावला. तो लावणारा कागद माझ्या हातचा आहे. दोष मिस्त्रीचा नव्हता, हे त्या दिवशीही मला माहीत होते.

कागद लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. वारसनोंद, बांधाचा वाद, रेशनकार्डातून गळालेले नाव, विहिरीतला वाटा, अशी कामे घेऊन दोन्ही तालुक्यांतली माणसे माझ्या बाकावर येतात. शाळा नववीत सुटली, परंतु माझा मसुदा वाचून हा कोणत्या वकिलाने लिहिला, असे कचेरीतल्या साहेबांनी विचारलेले आहे. हे बढाई म्हणून सांगत नाही, पुढील हकीकतीशी त्याचा संबंध आहे. ज्या वृद्ध अर्जनवीसांच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की कागदावर कोरी जागा सोडायची नाही. ओळ अर्ध्यात संपली तर पुढे काठापर्यंत रेघ ओढायची. मोकळ्या जागेत कोण केव्हा काय घुसडील याचा नेम नसतो. हा नियम माझ्या हातात इतका मुरला की घरच्या किराणामालाच्या यादीखालीही माझी रेघ आपोआप ओढली जाते.

आक्का, म्हणजे माझी बहीण, यावरून मला नेहमी टोचून बोलायची. "आमच्या साहेबाला मोकळं कायबी बघवत न्हाई," म्हणायची. "ताटात भात वाडला की आमटीनं समदी कड भरून घेतोय."

आक्काची वाडी डोंगराच्या अंगावर आहे. खाली डांबरी रस्ता संपतो तिथपासून वर तासाभराची चढण. निम्म्या वाटेवर दोन मोठ्या कातळांमधून पाऊलवाट जाते आणि आतच काटकोनात वळते. त्या जागेला वाडीतले लोक 'दार' म्हणतात. त्या दारातून जनावर जाते, डोईवर भाऱ्याची बाई जाते, पण लांब वस्तू जात नाही. आजारी माणसाला खाली आणायचे तर वाडीची पद्धत ठरलेली होती. घोंगडीची झोळी करायची, तिच्यातून एक बांबू घालायचा आणि दोघांनी पुढे-मागे खांदा द्यायचा. दारात आले की पुढचा माणूस खाली बसतो, मागचा बांबू उभा धरतो आणि झोळी तिरपी होऊन वळते. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालू होते.

एकदा मी वाडीत असताना एका वृद्ध गृहस्थाला असे खाली नेलेले पाहिले. घोंगडीतून त्यांचा एक पाय बाहेर लोंबत होता आणि टाच वाटेवरच्या धोंड्यांवर आपटत होती. मला ते पाहवले नाही. या वाडीच्या रस्त्यासाठी मी जेवढे अर्ज लिहिले, तेवढे कोणत्याही गावासाठी लिहिले नसतील. ते कुठे ना कुठे थांबले. तेव्हा मनात आले की रस्ता आपल्या हातात नाही, पण बसून जाता येईल अशी एक लोखंडी खुर्ची तरी आपण करून देऊ शकतो.

आक्काला सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घोंगडीत काय वाईट हाय? आईच्या वटीत असल्यागत वाटतं."

"पाय आपटतात," मी म्हणालो.

"मग पाय आत घ्यावं. त्याला खुर्ची कशाला पायजे?"

मी ते हसण्यावारी नेले.

कापूरहोळ फाट्यावर मिस्त्रीचे दुकान आहे. वयाने माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, मितभाषी, नमाजाच्या वेळेखेरीज हातातले काम खाली न ठेवणारे. वेल्ह्याकडच्या किती देवळांची लोखंडी दारे आणि किती गोठ्यांच्या छपरांखालच्या लोखंडी कैच्या त्यांच्या हातच्या आहेत, हे त्यांनाही सांगता येणार नाही. मी त्यांच्यापुढे लांब कागद उलगडला. त्यावर आकृती होती आणि खाली कलमवार मागण्या. खुर्चीच्या दोन्ही अंगांना दीड इंची चौकोनी पाईप आडवे असावेत. त्यांच्या पुढच्या-मागच्या तोंडांतून आतले पाईप बाहेर यावेत, म्हणजे उघड्या वाटेवर चौघांना लांब दांडे मिळतील. दारापाशी आले की ते दांडे आत सरकवावेत. खिट्टी घालून लांबी पक्की करता यावी. मिस्त्रींनी कागद दोनदा फिरवून पाहिला.

"डोकं चांगलं लावलंय साहेब. हुईल. आतला पाईप सव्वाचा घालू, भायेरचा पातळ पत्र्याचा. अर्ध सूत मोकळं ऱ्हाईल."

"मोकळे कशाला?"

"सरकायला."

त्यांनी दोन तुकडे काढून एकात एक घालून दाखवले. आतला पाईप सहज गेला, पण हलवला की खडखड वाजला. मला तो आवाज अजिबात पटला नाही. आजारी माणूस बसलेला असताना खाली सगळे खडखडत असेल तर तो मनाने आधीच खचेल, असे मी म्हणालो. बाहेरचा पाईप जाड पत्र्याचा घ्या, फट राहता कामा नये.

मिस्त्रींनी बाहेरच्या पाईपचे तोंड माझ्यापुढे धरले. "आत बोट घाला. काय लागतंय?"

आत एका बाजूला लांबच लांब बारीक कंगोरा लागला.

"पाईप म्हंजे पत्रा वळवून शिवलेला असतोय. ही आतली शिलाई. जाडा पाईप घेतला तर आतला हिलाच अडनार. कानशीनं काडली तर जाईल बी. पर घट्ट बसवायचं म्हंजे गंजाला जागा ठेवायची न्हाई, आन गंज तर जागा मागनारच. वेल्ह्याचा पाऊस तुमी बघितलाय न्हवं?"

"रंग लावू की."

"रंग बी जागा घेतो, साहेब."

मी त्यांना कोऱ्या जागेचा नियम सांगितला. कागदावर मोकळी जागा म्हणजे भांडणाला आमंत्रण, तसेच इथेही, असे काहीतरी. जवळ उभा असलेला एक ट्रकवाला हसला आणि म्हणाला, "मिस्त्री, करा घट्ट. साहेब उद्या तुमच्यावर केस घालतील." सगळे हसले, मीही हसलो.

मिस्त्रींनी आठवडाभर त्यावर काम केले. लांब सळईला कानस जोडून त्यांनी बाहेरच्या दोन्ही पाईपांच्या आतली शिलाई घासून काढली. मी दोनदा जाऊन पाहिले. हातभर आत कानस घालून ते ओढत होते आणि लोखंडाचा भुसा त्यांच्या मांडीवर साचत होता. शेवटच्या दिवशी त्यांनी तेलाचा हात देऊन आतला पाईप तोंडाशी टेकवला आणि तळव्याने दाबला. आतली हवा मागच्या भोकातून हलकेच निघून गेली आणि पाईप एकसारखा, आवाज न करता आत उतरला. इतकी सुबक गोष्ट मी लोखंडात पाहिली नव्हती. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मात्र समाधान नव्हते.

"आता ऐका," ते म्हणाले. "आठ दिसाला एकडाव चारी दांडं भायेर काडायचं, पुसायचं, तेल द्यायचं आन पुन्ना आत-भायेर करायचं. पावसात तर चुकवायचंच न्हाई. हे न्हाई केलं तर हे अडकनार, म्या आजच सांगतोय. वाडीतल्या मान्सांला ध्यानात ऱ्हानार न्हाई, तवा तुमी एका पत्र्यावर लिवून द्या. तुमचं अक्षर चांगलं हाय. खुर्चीच्या पाठीला रिबिट मारून बसवतो."

मी होकार दिला. ते वितभर पत्रा कापून माझ्या हाती देत म्हणाले, "मोटं लिवा. म्हाताऱ्यास्नी दिसलं पायजे."

तो पत्रा मी घरी आणला. पांढरा रंग दिला, वर निळ्या रंगाने लिहायला घेतले. सुरुवात अर्थातच 'सप्रेम भेट' अशी केली. मग माझा हुद्दा, मग 'वाडीतील समस्त ग्रामस्थांच्या सेवेसाठी', मग 'दुर्गम भागातील रुग्णांच्या सोयीकरिता'. अक्षरे मोठी होती, पत्रा वितभरच होता. तेल आणि आठ दिवस यांना जागा उरली नाही. तोंडी सांगू, असे मी ठरवले.

चैत्रात डोली वाडीत नेली. देवळापुढे लोक जमले. नारळ फुटला, बायकांनी खुर्चीला हळदकुंकू लावले, कोणी हार घातला. दांडे बाहेर काढून चौघांनी ती खांद्यावर घेतली आणि आक्काच्या धाकट्या जावेला आत बसवून देवळाला एक फेरी मारली. ती तोंडावर पदर घेऊन हसत होती. लोकांनी मोबाईलवर फोटो काढले. मी चार शब्द बोललो. त्या चार शब्दांत रस्त्याचा प्रश्न होता, समाजाची जबाबदारी होती, आणि तेलाबद्दल एक वाक्यही नव्हते. खाली उतरताना ते आठवले. उद्या फोन करू म्हणालो. वाडीत फोन एका टेकाडावरच लागतो.

आता यात वाडीचाही काही दोष काढता येत नाही. हळदकुंकू लागलेली वस्तू त्यांनी देवाच्या वस्तूसारखी जपली. पाय लागू नये म्हणून ती देवळाच्या वळचणीला उंच टांगली, प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि दांडे बाहेर होते तसेच ठेवले, कारण तशी ती शोभून दिसत होती. अमावास्येला तिलाही उदबत्ती ओवाळली जाई. पावसाळ्यात मी एकदा गेलो तेव्हा कागदाच्या आत पाण्याचे थेंब धरलेले पाहिले आणि माझ्या पाटीचा निळा रंग टिकला आहे का, एवढे तपासले. दांड्यांना हात लावला नाही.

भात निसवून लोंब्या धरू लागले त्या दिवसांत, सकाळची न्याहारी झाल्यावर, आक्काच्या छातीत दुखायला लागले. दाजींनी टेकाडावर जाऊन मला फोन केला. मी भोरहून जीप घेऊन नसरापूरच्या बाजूने वेल्ह्याकडे निघालो आणि डांबरी रस्ता संपतो तिथे जाऊन उभा राहिलो. चौघे तिला घेऊन वरून निघाले आहेत, असा निरोप आला होता. मी ड्रायव्हरला जीप वळवून तयार ठेवायला सांगितले.

बराच वेळ गेला. मग वरून, दाराच्या बाजूने, लोखंडावर दगड मारल्याचा आवाज येऊ लागला. ठण, ठण, मग थोडी उसंत, पुन्हा ठण.

ड्रायव्हर म्हणाला, "वर कुनाचं काम चाललंय जनू."

तो आवाज कशाचा हे मला पहिल्याच ठोक्याला कळले होते. मी चढू लागलो. धाप लागत होती, दोनदा बसलो. आवाज थांबला तेव्हा मला बरे वाटले, दांडे आत गेले असतील असे वाटले. थोडे वर गेलो तर समोरून दाजी येताना दिसले. वाकलेले, आणि पाठीवर आक्का, लुगड्याने कमरेला बांधलेली. मागे चौघे रिकाम्या हातांनी. तिचे तोंड दाजींच्या खांद्यावर होते. मी तिच्या पाठीला हात लावला. दाजी म्हणाले, "मगापासनं बोलत न्हाई."

जीपमध्ये तिचे डोके माझ्या मांडीवर होते. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून मान हलवली. थोडे आधी आणले असते तर, असे मी विचारले. ते म्हणाले, "तसं नक्की सांगता येत नाही." हे उत्तर मी अजून वापरतो. कोणी विचारले तर हेच सांगतो.

चौघांपैकी एकाने पुढे मला सविस्तर सांगितले. दारात आल्यावर खिट्ट्या काढल्या, दांडे दाबले, चौघांनी मिळून दाबले, दगडाने ठोकले. दांडे तसूभरही हलले नाहीत. खुर्ची तिरपी करायला गेले तर ती दोन्ही कातळांमध्ये अडकली आणि आक्का वरच्या अंगाला लटकली. तिला सोडवून बाहेर काढण्यातच वेळ गेला. त्या वेळात ती एकदाच बोलली. "घोंगडी आणा," म्हणाली. घोंगडी आणायला सोबतचा एक पोरगा वर पळाला, पण तोपर्यंत दाजींनी तिला पाठीवर घेतले होते.

तेराव्याला माणसे देवळात बसली. डोली भिंतीला टेकवून ठेवली होती, दगडाच्या खुणांसकट.

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "नवा पाईप, आन आत जात न्हाई म्हंजे काय?"

"जाडा पाईप घातलाय," दुसरा म्हणाला. "दुकानात पडून असलेला माल खपिवला मिस्त्रीनं."

"डोंगरातल्या मान्सांला काय कळतंय, आसंच वाटलं आसंल त्यास्नी."

मी पाटावर बसलो होतो. बोलायला तोंड उघडले असते तर एवढेच बोलायचे होते की पाईप मी सांगितला, तेलाचे मला सांगितले होते. दोन वाक्ये. दाजी माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुमी लिव्हा कागद. तुमच्यासारखं कुनाला येतंय. ह्या मिस्त्रीकडनं ह्या भागात कुनी काम घिऊ नये, आसं लिव्हा."

मी लिहिले. तिथेच, देवळात बसून लिहिले. 'सदर मिस्त्रीने निष्काळजीपणाने, योग्य ती मोकळीक न ठेवता, सदोष वस्तू बनवून दिल्यामुळे' असे शब्द माझ्या लेखणीतून उतरले. वाचून दाखवला तेव्हा दाजींनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बराबर लिवलंय." त्याच्या नकला आसपासच्या देवळांत आणि ST थांब्यावर लागल्या.

महिन्याभराने, बाजारच्या दिवशी, मिस्त्री माझ्या बाकावर येऊन बसले. समोर एका बाईचा अर्ज चालू होता. तो संपेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "आक्कांचं समजलं. येनार हुतो. पर ह्या कागदानंतर वाडीत पाय ठिवायचा धीर झाला न्हाई." त्यांनी खिशातून घडी केलेली नक्कल काढली. "जरा वाचून दाखवा."

"तुम्हाला वाचता येते की."

"येतंय थोडंथोडं. पर तुमचंच अक्षर हाय, तुमीच वाचा."

मी वाचला. आसपास माणसे होती, म्हणून हळू वाचला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाले, "समदं बराबर हाय. मोकळीक न्हवती, हे खरंच हाय. म्या तुमचं ऐकायला नगं हुतं, ती चूक माजी." मग विचारले, "ते आठ दिसाचं तेल, तेवडं राह्यलं लिवायचं. सांगितलं हुतं का तुमी त्यास्नी?"

"विसरलो," मी म्हणालो.

हेही खरे नव्हते. विसरणे वेगळे. पाटी लिहिताना ते वाक्य माझ्या डोळ्यांपुढे होते आणि मी त्याच्या जागी स्वतःला लिहिले.

"मग तसं लिवा," मिस्त्री उठत म्हणाले. "मला दुसरं काय नगं. वेल्ह्याकडची मान्सं फाट्यावर भेटली की तोंड फिरवत्यात. तेवडं थांबलं तर बरं हुईल."

त्याला दोन दिवाळ्या झाल्या. मी लिहायला बसलो नाही असे नाही. प्रत्येक वेळी मसुदा सुरेख होई आणि त्यात कुठेतरी 'नजरचुकीने' हा शब्द येऊन बसे. तो शब्द आला की मी कागद फाडत असे. गेल्या आठवड्यात मी आणि दाजी कापूरहोळला ST ची वाट पाहत उभे होतो. मिस्त्री दुकानातून बाहेर आले. हात पुसत पुसत पुढे येऊन म्हणाले, "दाजी, बरं हाय का?" दाजींनी ऐकले आणि रस्त्याकडे तोंड केले. मी मध्ये उभा होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलेही नाही, आत गेले. दाजी मला म्हणाले, "कसं बोलवतं ह्या मान्साला?" गाडी आली आणि आम्ही चढलो. तेव्हाही मी बोललो नाही. म्हणून लिहीत आहे.

सबब, दाजी आणि वाडीतील समस्त ग्रामस्थ यांना विनंती अशी की, हा कागद देवळात सर्वांसमोर वाचावा. ज्याला वाचता येते अशा कोणाकडूनही वाचून घ्यावा, मला बोलावू नये. बोलावल्यास मी तो मऊ करून वाचीन. मिस्त्रींविरुद्ध लावलेल्या नकला जिथे जिथे असतील तिथून काढून घ्याव्यात. त्यांना माफीपत्र पाठवू नये. लेखी कागदाचा त्यांना कंटाळा आला असेल. तुमच्यापैकी कोणीतरी फाट्यावर उतरून त्यांच्याशी चार शब्द बोलावेत. ते कोणी बोलावेत हे मी सुचवत नाही, परंतु ते शब्द आक्काच्या घरातून गेले तर बरे.

माझ्याबाबत काय ठरवायचे ते दाजींनी ठरवावे. घरी येऊ नको म्हणाले तर येणार नाही. मात्र ठरेल ते मला कळवावे. उत्तर लेखी असो वा तोंडी, एका शब्दाचे असो, ते मिळावे, ही नम्र विनंती.

अर्जदार,
मयताचा धाकटा भाऊ